काच आणि बिंदू



गेल्या महिन्यात एका रविवारी मराठी मिस्सा आटोपल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे चर्चच्या दाराशी उभे होतो. तेवढ्यात आपल्या धर्मग्रामातील एक काका नातीच्या खांद्यावर हात ठेवून पुढे आले. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये त्यांनी फिटर म्हणून उभा जन्म काढला. निवृत्तीनंतर काचबिंदूने आधी कडेचे दिसेनासे केले, मग मधलेही. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढेच कळते. त्यांनी खिशातून मोबाईल काढून आमच्या हाती दिला आणि म्हणाले, "फादर, डोळे मिटा आणि काचेवरून बोट फिरवा."

आम्ही डोळे मिटले. काच गुळगुळीत होती, पण तीन-चार ठिकाणी बोटाला बारीक पुटकुळ्या लागल्या. नातीने जुन्या स्क्रीनगार्डवर नेलपॉलिशचे घट्ट थेंब टाकून वाळवले होते. एक थेंब पाचच्या आकड्यावर, एक फोन लावायच्या बटणावर, उरलेले कडेला. काका हसून म्हणाले, "काचबिंदूनं डोळे नेले, आणि आता काचेवरच्या बिंदूंनी थोडं परत आणून दिलं."

हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. रोज सकाळी पिशवीत घालायची आणि रात्री चार्जिंगला लावायची ही वस्तू. तिच्यावरच्या नेलपॉलिशच्या थेंबांत काही नैतिक प्रश्न असेल, असे आम्हाला पूर्वी वाटले नसते. आज त्याच प्रश्नाचा आपण विचार करू.

आधी वस्तूची ओळख करून घेऊ. जुन्या बटणांच्या फोनवर पाचच्या आकड्यावर एक बारीक उंचवटा असे. आपल्यापैकी कित्येकांनी तो वर्षानुवर्षे वापरला आणि कधी पाहिलाही नाही. अंध माणसाला मात्र तेवढा उंचवटा पुरे होता. पाच सापडला की वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. मग बटणे गेली आणि सपाट काच आली. डोळसांना ती प्रगती वाटली, पण अंधांच्या बोटाखालची जमीनच सरकली. २००९ साली आयफोनमध्ये आणि अँड्रॉइडच्या फोनमध्येही बोलणारी सोय आली. बोट जिथे टेकेल तिथे काय आहे ते फोन बोलून सांगतो, आणि दोनदा टिचकी मारली की ते उघडते. ही सोय फार मोठी आहे. आज हजारो अंध बंधुभगिनी तिच्या आधाराने पत्रे वाचतात, पैसे पाठवतात, नोकऱ्या करतात.

पण आवाजाला मर्यादा आहेत. दादरच्या पुलावरच्या गर्दीत फोनचे बोलणे ऐकू येत नाही. शांत ठिकाणी ते सगळ्यांनाच ऐकू जाते. बँकेत किती शिल्लक आहे, डॉक्टरांनी काय कळवले आहे, हे शेजारच्यालाही कळते. कानात यंत्र घालावे तर रस्त्याचा आवाज बंद होतो, आणि अंध माणसाला रस्ता कानानेच ओलांडायचा असतो. स्पर्श मात्र मुका आहे. बोटाला कळलेले बोटापाशीच राहते. म्हणूनच परदेशात नेमक्या जागी उंचवटे असलेले पारदर्शक स्क्रीनगार्ड निघाले. आपल्या काकांच्या नातीने तेच काम घरच्या बाटलीतून केले.

आता मूळ प्रश्न. अंध माणसाचे काम आपण प्रेमाने करून दिले, तर पुरे नाही का? ते काम त्याला स्वतःला करता यावे, अशी सोय करणे हे आपले कर्तव्य आहे का? आणि असेल, तर ती दया आहे की न्याय?

या बाबतीत आम्हाला आधी आमची स्वतःची चूक कबूल केली पाहिजे. आपल्या धर्मग्रामाच्या सूचना आता व्हॉट्सअ‍ॅपवर जातात. त्या नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून आम्हीच सांगितले होते, की क्रूस आणि फुलांची चौकट असलेले चित्र करून पाठवत जा. काही महिन्यांपूर्वी काकांचा वर्कशॉपमधला जुना सोबती वारला. सकाळी आठला सूचना गेली, दुपारी चारला अंत्यविधी झाला. सूचना काकांच्या फोनवरही पोहोचली होती. त्यांच्या फोनने ती वाचायचा प्रयत्न केला आणि एकच शब्द उच्चारला, "फोटो." काकांना वाटले, कुणीतरी सुप्रभात पाठवले असेल. दुसऱ्या दिवशी दुधाच्या केंद्रावर त्यांना बातमी कळली. तीस वर्षे ज्याच्यासोबत एका बाकावर डबा खाल्ला, त्याला ते माती देऊ शकले नाहीत.

ते कार्यालयात आले, पण तक्रार केली नाही. एवढेच म्हणाले, "फादर, चित्र बोलत नाही." आमच्या तोंडून पटकन निघून गेले, "अहो काका, कुणालाही विचारायचं होतं, वाचून दाखवलं असतं." त्यावर ते म्हणाले, "काय विचारू? आज कोण वारलं का, असं रोज विचारू?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

त्या दिवशी आम्हाला समजले, की 'विचारा, आम्ही मदत करू' हे वाक्य जेवढे उदार वाटते तेवढे नसते. त्यात विचारण्याचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलेले असते. आपण मोकळे राहतो, तो मात्र दिवसातून वीस वेळा याचक होतो.

प्रभू येशूने बार्तिमयाला कसे वागवले ते आठवा (मार्क १०). यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला आंधळा भिकारी हाका मारतो आहे. लोक त्याला गप्प करतात. प्रभू थांबतो, त्याला बोलावतो आणि विचारतो, की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्याला काय हवे असणार, हे उघड नव्हते का? तरी प्रभूने विचारले. भीक मागायची सवय लागलेल्या माणसाला त्याने स्वतःची इच्छा स्वतःच्या तोंडाने सांगू दिली. दृष्टी देण्याआधी त्याने मान दिला. आपण बहुतेक वेळा उलटे करतो. अंध माणूस फूटपाथच्या कडेला दिसला की दंड धरून त्याला पलीकडे नेतो आणि मग कळते, की त्याला पलीकडे जायचेच नव्हते.

यावर एका विचारी धर्मग्रामस्थाने आमच्यापुढे एक आक्षेप ठेवला. तो वरवरचा नाही, म्हणून येथे मांडतो. ते म्हणाले, "फादर, आपण ख्रिस्ती माणसं एकमेकांची ओझी वाहणारी. ज्याला त्याला एकट्यानं सगळं करता यावं, हे वेड आजच्या जगाचं आहे. काकांना कुणीतरी फोन वाचून दाखवायचा, त्या निमित्तानं पाच मिनिटं त्यांच्यापाशी बसायचा. आता यंत्र बोलेल, बोट चालेल आणि काका एकटे पडतील."

या म्हणण्यात सत्य आहे. एकमेकांची गरज लागणे ही उणीव नाही, आपण तसेच घडलेलो आहोत. पण यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. कुणाच्या सोबतीत असणे वेगळे आणि कुणाच्या मर्जीवर असणे वेगळे. काकांच्या बँकेचा गुप्त क्रमांक एके काळी चार जणांना ठाऊक होता. चौघेही भले होते. पण पेन्शन जमा झाली की नाही, हे त्यांपैकी कुणाला सवड होईपर्यंत काकांना कळत नसे. याला सोबत म्हणता येणार नाही. जो नाही म्हणू शकतो, त्याच्याच होकाराला प्रेमाचा अर्थ असतो. ज्याच्यापुढे दुसरा मार्गच नाही, त्याने घेतलेली मदत त्याला जगवते, पण तो आणि देणारा यांना बरोबरीचे करत नाही.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीत यासाठी एक तत्त्व आहे. अकरावे पायस यांनी १९३१ सालच्या 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या परिपत्रकात ते मांडले. माणूस जे स्वतःच्या हिमतीने करू शकतो ते त्याच्याकडून काढून समाजाने आपल्याकडे घेणे, हा अन्याय आहे. मोठ्याने लहानाला आधार द्यावा, पण त्याला गिळू नये. पोप महोदय राज्यसंस्था आणि लहान समूह यांच्याविषयी लिहीत होते. पण हे तत्त्व घराला, चर्चला आणि मोबाईललाही लागू पडते.

आणखी एक गोष्ट. देण्यात घेण्यापेक्षा अधिक धन्यता आहे, ही प्रभूची शिकवण संत पौल आपल्याला सांगतो. मग ज्याला आपण फक्त घेणारा करून ठेवतो, त्याची ती धन्यता आपण हिरावून घेत नाही का? ठिपके लावल्यापासून काका रोज संध्याकाळी धर्मग्रामातील अंथरुणाला खिळलेल्या तिघांना फोन करतात आणि त्यांच्याबरोबर रोझरी म्हणतात. हे आम्हाला त्या तिघांपैकी एका आजींनी सांगितले, काकांनी नाही. ते एकटे पडले नाहीत. उलट तीन एकट्या जीवांना त्यांची सोबत मिळाली.

आता थोडे स्पर्शाविषयी. आपण डोळ्यांना ज्ञानाचा राजा मानतो. 'दिसले' म्हणजे 'कळले', असे आपली भाषाही बोलते. पण अॅरिस्टॉटलने स्पर्शाला सर्व इंद्रियांचा पाया म्हटले आणि संत थॉमस अक्वायनस यांनी ते उचलून धरले. ज्याचा स्पर्श अधिक सूक्ष्म त्याची बुद्धीही अधिक तरल, असे त्यांचे मत होते. काकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "हे आमच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांना माहीत होतं. लोखंडाची कड नीट घासली गेली का, ते आम्ही डोळ्यांनी नाही, बोटानंच बघायचो."

सतराव्या शतकात डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यांनी जॉन लॉक या तत्त्वज्ञाला एक प्रश्न पाठवला. जन्मांध माणसाला घन आणि गोल हे हाताने ओळखता येतात. त्याला अचानक दृष्टी आली, तर हात न लावता, नुसते पाहून तो त्यांतला कोणता ते सांगू शकेल का? मॉलिन्यू यांच्या पत्नीची दृष्टी लग्नानंतर लवकरच गेली होती. म्हणजे हा प्रश्न घरातूनही आला असावा. या प्रश्नावर तीनशे वर्षे वाद चालला. अखेर डॉ. पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच देशात शस्त्रक्रियेनंतर दृष्टी मिळालेल्या पाच मुलांना तपासले आणि निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध केले. हाताने ओळखलेली वस्तू मुलांना नजरेने लगेच ओळखता आली नाही. काही दिवसांत मात्र ते त्यांना जमू लागले.

यातून आम्ही एवढेच घेतो, की हाताचे ज्ञान म्हणजे डोळ्यांच्या ज्ञानाची फिकट नक्कल नव्हे. ते स्वतंत्र आहे, त्याचे व्याकरण वेगळे आहे. हे न ओळखल्याने किती नुकसान होते, ते ब्रेल लिपीच्या इतिहासात दिसते. पॅरिसच्या अंधशाळेचे संस्थापक व्हालांतँ आउई हे मोठ्या मनाचे गृहस्थ. त्यांनी अंध मुलांसाठी पुस्तके छापली, पण आपलीच नेहमीची अक्षरे उठावदार करून. डोळसांना ती सुंदर दिसत. बोटांना मात्र प्रत्येक अक्षर चाचपत बसावे लागे. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कारखान्यात हत्यार लागून डोळे गमावलेला लुई ब्रेल त्याच शाळेत शिकला. शार्ल बार्बिये यांच्या बारा ठिपक्यांच्या लिपीवरून त्याने सहा ठिपक्यांची लिपी तयार केली. एका अक्षरासाठी बोटाचे एक टोक पुरे. १८२४ साली ती आकाराला आली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. पुढे तो पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असे. शाळेने त्या लिपीला अधिकृत मान्यता दिली ती १८५४ साली, ब्रेलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. आउई यांच्याजवळ दया भरपूर होती. पण त्यांनी विचारायचे ते स्वतःच्या डोळ्यांना विचारले, मुलांच्या बोटांना नाही.

हीच चूक आजही होते. २०१६ नंतरच्या नव्या नोटा हातात घेऊन पाहा. पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब, दोनशेची १४६. फरक चार मिलिमीटरचा. जुन्या पाचशे आणि शंभरच्या नोटांत तो दहाचा होता. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. २०२० साली रिझर्व्ह बँकेने नोट ओळखणारे 'मनी' नावाचे अ‍ॅप काढले. चांगले झाले. पण जे पूर्वी दोन बोटांना कळत होते त्यासाठी आता मोबाईल लागतो. दुसरे उदाहरण बँकेचे. मोबाईलवरून ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागे. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी काय करायचे? अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या भगिनी आणि एक अंध वकील सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की अशा डिजिटल सोयी वापरता येणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

'हक्क' हा शब्द आला, की आपल्यातील काहींना तो कोर्टाचा, परका वाटतो. पण बायबलमध्ये तो आधीच आहे. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, असे लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. ही आज्ञा तर आपण सहज पाळतो असे वाटते. मुद्दाम कोण दगड ठेवतो? पण अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील आज्ञा अधिक खोल जाते. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा बांध, म्हणजे कुणी पडून त्याचे रक्त तुझ्या घरावर येणार नाही. येथे कुणी पडलेला नाही. घरमालकाचा हेतू वाईट नाही. तरीही कठडा बांधणे हे त्याचे कर्तव्य आहे, आणि ते घर बांधतानाच करायचे आहे. पडलेल्याला उचलणे ही दया, कठडा बांधणे हा न्याय. आणि कठड्याशिवायचे धाबे बांधून पडलेल्यांना उचलत राहणे, हे मात्र दयेचे नाटक ठरते. फुलांची चौकट असलेली आमची सूचना हे कठड्याशिवायचे धाबेच होते.

कुणी म्हणेल, आपल्या धर्मग्रामात असे किती जण? दोन किंवा तीन. त्यांच्यासाठी एवढा खटाटोप? मेंढपाळाने नव्व्याण्णव मेंढरे सोडून एकाचा शोध घेतला, तेव्हा हिशेब त्यालाही येत होता. 'उद्या आपलेही डोळे जातील' असेही लोक सुचवतात. ते खरे आहे आणि उपयोगीही आहे. पण आम्हाला तो पाया वाटत नाही. उद्या आपले डोळे शाबूत राहिले, तरी काकांचा हक्क तेवढाच राहील.

नेलपॉलिशच्या थेंबांचे कौतुक करताना त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. ठिपका एका जागी राहतो, पण अ‍ॅपची बटणे प्रत्येक बदलात इकडेतिकडे सरकतात. फोन बदलला की सारे नव्याने करावे लागते. आणि स्पर्शालाही विश्वासाची गरज असते. वृद्ध इसहाकाची दृष्टी मंद झाली होती. आवाज याकोबाचा आहे हे त्याच्या कानांनी बरोबर ओळखले. पण हातांवर करडांची कातडी गुंडाळलेली होती आणि बोटे फसली. त्याला फसवणारे परके नव्हते, पत्नी आणि मुलगा होते. अंध माणूस आपल्या हाती बोट देतो तेव्हा तो किती मोठा विश्वास टाकतो, हे त्या कथेवरून समजावे.

आपल्या परिसराला या कामाची परंपरा आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० साली, दुष्काळाच्या दिवसांत, मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. आज तीच दादरची कमला मेहता अंध शाळा. सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून अंधांसाठी साधनकेंद्र आहे. आपल्या माटुंग्याच्या रुईया महाविद्यालयातही अशी सोय आहे. स्टेशनच्या फलाटावर अपंगांचा डबा कुठे थांबेल ते सांगणारा टिकटिक आवाज आपण रोज ऐकतो. तो कुणीतरी विचार केला म्हणून तेथे आहे. मग चर्चच्या आवारात विचार कुणी करायचा?

म्हणून आजपासून काही साध्या गोष्टी. आपल्या गटावर चित्र गेले, तर त्याच्यासोबत तोच मजकूर अक्षरांतही जाईल. मृत्यूची सूचना असेल, तर कार्यालयातून काकांसारख्यांना फोनही जाईल. अंध व्यक्तीचा हात धरण्याआधी आपण विचारू. पायऱ्यांच्या कठड्याला सायकली टेकवणार नाही. आणि पुढच्या शनिवारी संध्याकाळी आपले युवक सभागृहात बसतील. ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांनी आपापले मोबाईल घेऊन यावे. ठिपके कुठे हवेत, हे मात्र त्यांनीच सांगायचे आहे. काकांनी शिकवायला येण्याचे कबूल केले आहे.

त्यांनी जाताना आमच्याकडून मोबाईल परत घेतला, अंगठा ठिपक्यावर टेकवला आणि घरी फोन लावला. "निघालो गं," एवढेच म्हणाले. त्यांना ते कुणाला सांगावे लागले नाही.

बेथसैदाच्या आंधळ्याला हात धरून गावाबाहेर नेणारा आणि त्याला एकदा नीट दिसले नाही म्हणून पुन्हा स्पर्श करणारा प्रभू आपल्यालाही दुसऱ्यांदा स्पर्श करो, म्हणजे आपल्याला माणसे माणसांसारखी दिसू लागतील.

आपला,
धर्मगुरू